तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिका परग्रहवासीयांबद्दल काय लपवते?

हा प्रश्न मला सतत येतो. लपवाछपवी आहेच. पण कागदपत्रं चाळल्यावर दिसतं ते असं की, बहुतेक वेळा झाकलेलं असतं ते ‘काय दिसलं’ हे नव्हे, तर ‘कशानं टिपलं’ हे. आपलं रडार किती लांबचं पकडतं, कॅमेरा किती बारीक पाहतो, हे शत्रूला कळू नये म्हणून अख्खी नोंदच गोपनीय होते.

1950च्या दशकात यू-2 हे हेरविमान 60,000 फुटांच्याही वर उडायचं. खाली संध्याकाळ झालेली असताना त्याच्या पंखांवर अजून ऊन असायचं, आणि प्रवासी विमानांचे वैमानिक चमकती वस्तू पाहिल्याचं कळवायचे. हवाई दलाच्या ‘ब्लू बुक’ प्रकल्पातले तपासनीस त्या तक्रारी सीआयएकडच्या उड्डाणनोंदींशी ताडून पाहत. कारण सापडे, पण तक्रारदाराला ते सांगायची मुभा नसे. आजच्या अविश्वासाचं मूळ मला इथेच दिसतं. 1969 मध्ये प्रकल्प बंद झाला तेव्हा 12,618 नोंदींपैकी 701 अनुत्तरित होत्या. अनुत्तरित म्हणजे परग्रहावरची नव्हे. पुष्कळदा माहितीच अपुरी असते.

माहिती पुरेशी असली की काय होतं ते ‘गोफास्ट’ या नौदलाच्या चित्रफितीत पाहा. पाण्यावरून काहीतरी सुसाट जाताना दिसतं. पण पडद्यावर विमानाची उंची, कॅमेऱ्याचा कोन आणि वस्तूचं अंतर हे आकडे आहेत. त्यांवरून साधी त्रिकोणमिती केली की वस्तू पाण्यालगत नाही, सुमारे 13,000 फुटांवर आहे हे कळतं. नासाच्या अभ्यासगटानं 2023 मध्ये तिचा सरासरी वेग ताशी 40 मैलांच्या आसपास काढला. वेग भासतो तो कॅमेरा वाहणाऱ्या विमानाचा. त्या तीन आकड्यांवर काळी पट्टी असती, तर हा वाद कधीच सुटला नसता. म्हणून असल्या पट्ट्या मला फार खटकतात.

कागद हवे असतील तर अमेरिकेच्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली अर्ज करा. त्यासाठी तिथलं नागरिकत्व लागत नाही. ‘उडत्या तबकड्यांबद्दलचं सगळं द्या’ असं लिहिलंत तर अर्ज अडकलाच म्हणून समजा. तारीख, ठिकाण, तुकडी आणि कागदाचा प्रकार लिहा. ‘ब्लू बुक’च्या फायली राष्ट्रीय अभिलेखागारात खुल्या आहेत, त्या आधी पाहून घ्या. उत्तराची मुदत कामाचे 20 दिवस. प्रत्यक्षात कितीतरी जास्त लागतात. ‘असे कागद आहेत किंवा नाहीत, दोन्ही सांगता येत नाही’ असं उत्तर आलं तर त्याला ‘ग्लोमार’ म्हणतात. बुडालेली सोव्हिएत पाणबुडी उचलायला गुपचूप धाडलेल्या जहाजावरून हे नाव पडलं. तो नकारच धरा आणि अपील करा. त्यासाठी किमान 90 दिवस मिळतात. पानं काळी होऊन आली तरी अपील करा. गोपनीय भाग वगळून उरलेला मजकूर देणं कायद्यानं बंधनकारक आहे, तेव्हा कोणत्या पानावरची कोणती ओळ हवी ते नेमकं लिहा. उंची, कोन आणि अंतर आधी मागा.