इंग्लंडमध्ये थायरॉइडची गोळी चालू ठेवताना

व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो बहुतेक मोठ्या माणसांसाठी वर्षाला १,०३५ पाउंड आहे, आणि जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांचे पैसे आधीच द्यायचे. एवढं भरल्यावर इथे उतरलं की उपचारांची सोय आपोआप होईल, असं नव्याने येणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. आपल्या भागातल्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, नाव नोंदवावं लागतं आणि रक्ततपासणी, औषधाची चिठ्ठी, तज्ज्ञांकडे पाठवणं, सगळं तिथूनच हलतं.

मला थायरॉइडची गोळी रोज लागते. सोबत आणलेल्या पट्ट्या पुरेशा होत्या, तरी राहायची सोय झाल्याबरोबर मी नोंदणीला गेले. रिसेप्शनवरच्या बाईंनी पासपोर्ट पाहिला आणि पत्त्याचा पुरावा मागितला. आम्ही भाड्याच्या एका खोलीत राहत होतो. वीजबिल घरमालकाच्या नावावर, बँकेचं खातं अजून उघडायचं होतं. "मग पुरावा मिळाला की या," त्या म्हणाल्या. एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, नियम मी आधी वाचून ठेवला होता: ओळखपत्र किंवा पत्त्याचा पुरावा नाही एवढ्या कारणावरून नोंदणी नाकारता येत नाही. मोबाइलवरचं ते पान त्यांच्यापुढे धरलं आणि विचारलं, "नाही म्हणत असाल तर कारण लेखी द्याल का?" नाकारल्यास १४ दिवसांत लेखी कारण देणं दवाखान्यावर बंधनकारक असतं. त्या आत जाऊन कुणाशी तरी बोलल्या आणि फॉर्म घेऊनच बाहेर आल्या.

माझं काम झालं, कारण मला इंग्रजीत वाद घालता आला. ज्याला ते जमत नाही तो त्याच काउंटरवरून मुकाट्याने परत जात असणार, याचा मला आजही राग येतो. दुभाषा मोफत मिळतो, पण वेळ ठरवतानाच मागून घ्यावा लागतो, आणि हे आपणहून कुणी सांगत नाही.

पहिली भेट मिळवायला सकाळी आठ वाजल्यापासून फोन लावत बसावं लागलं. काय होतंय ते रिसेप्शनवरच विचारतात. आधी खटकतं, पण कुणाकडे पाठवायचं हे त्यावरून ठरतं, तेव्हा मोघम बोलू नये. मी जुना टीएसएचचा, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आणि गोळीचं मूळ नाव, लिव्होथायरॉक्सिन, डोससकट कागदावर लिहून नेलं होतं. ब्रँडच्या नावावरून त्यांना काहीच कळत नाही. नव्याने रक्त तपासलं, रिपोर्ट एनएचएसच्या अ‍ॅपवर आला आणि गोळी नेहमीसाठी नोंदवली गेली. आता अ‍ॅपवरून मागणी केली की चिठ्ठी थेट फार्मसीत जाते.

इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागे शुल्क आहे; २०२४ मध्ये ते ९.९० पाउंड झालं. पण हायपोथायरॉइडिझमसाठी, म्हणजे थायरॉइड कमी काम करतं म्हणून, गोळी घ्यावी लागत असेल तर ते माफ होतं. जीपीकडून एफपी९२ए हा फॉर्म भरून घ्यायचा. प्रमाणपत्र साधारण पाच वर्षं चालतं आणि त्या काळात थायरॉइडचंच नव्हे, एनएचएसच्या चिठ्ठीवरचं कुठलंही औषध फुकट मिळतं. इन्सुलिन किंवा गोळ्यांवर असलेल्या मधुमेहींनाही ही सवलत आहे. मला हे फार्मसिस्टने सांगितलं, तेही मी पैसे काढत असताना. दवाखान्यात कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. तेव्हापासून ओळखीतल्या ज्या कुणाला थायरॉइड आहे त्याला मी आधी हा फॉर्म विचारते.

आणि नोंदणी व्हायच्या आतच कुणी आजारी पडलं तर अंगावर काढू नका. १११ या एनएचएसच्या सल्ल्याच्या नंबरला फोन करा, तो मोफत आहे आणि तिथेही दुभाषा मागता येतो. छातीत दुखणं, श्वास लागणं असं काही असेल तर सरळ ९९९, हा आणीबाणीचा नंबर.