वॉटरजेटला सुरीचे ब्लँक देण्याआधी

लेझरने कापलेल्या हाय-कार्बन स्टीलची कड तापून कडक होते. मग त्यावरून कानस नुसती घसरते आणि ड्रिलचं टोक जळतं. वॉटरजेटला, म्हणजे गार्नेटची बारीक वाळू मिसळलेल्या पाण्याच्या जोरदार झोताने कापणाऱ्या मशीनला, ती भानगड नाही. ॲनील केलेली (तापवून हळूहळू गार करून मऊ केलेली) ओएचएनएस किंवा डी2 या टूल स्टीलची प्लेट कापल्यावरही मऊच राहते. म्हणून नवी मुंबईत रबाळे, महापे किंवा ठाण्यात वागळे इस्टेटला जॉबवर्क टाकायचं असेल तर सुरीच्या ब्लँकसाठी (प्लेटमधून कापलेला सुरीच्या आकाराचा तुकडा) वॉटरजेट बरा. मशीन मात्र तुम्ही काढलं तेच कापतं, चुकांसकट.

फाइल डीएक्सएफ (कॅड ड्रॉइंगची), मिलिमीटरमध्ये, 1:1. सोबत सुरीची एकूण लांबी आकड्यात लिहा, म्हणजे इंच-मिलिमीटरचा घोळ कापायच्या आधीच पकडला जातो. आउटलाइन बंद हवी. एकावर एक दोन रेघा राहिल्या तर जेट तिथून दोनदा फिरतो. जेट साधारण 1 मिमी खातो, पण त्याची भरपाई ऑपरेटर करतो. तुम्हीही केलीत तर ब्लँक प्रत्येक बाजूला अर्धा मिमी मोठा, भोकं तेवढीच लहान.

खरी डोकेदुखी पिनच्या भोकांची. जेट वरून खाली जाताना अरुंद होतो, त्यामुळे भोक किंचित निमुळतं येतं आणि जेट आत शिरला तिथे खाच उरते. 6 मिमीची पिन असेल तर ड्रॉइंगमध्ये 5 चं भोक द्या, नंतर 5.8 चा ड्रिल, मग 6 चा रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार). ब्लँक क्लॅम्प केल्याशिवाय ड्रिल लावू नका, तयार भोकात ड्रिल अडकतो आणि पातं गर्रकन फिरतं. 3 मिमीच्या पिनसाठी जेटचं भोक नकोच. नुसता पिअर्स (जेट एका जागी धरून पाडलेलं भोक) वेडावाकडा पडतो आणि ड्रिल त्याच्याच मागे जातो. सेंटर पंच मारून सरळ ड्रिल करा. हे सगळं हार्डनिंगच्या (स्टील तापवून कडक करण्याच्या) आधी.

सुऱ्यांची लांबी प्लेटच्या रोलिंगच्या (कारखान्यात प्लेट लाटली त्या) दिशेने ठेवा, दोन ब्लँकमध्ये 5 मिमी आणि प्लेटच्या कडेने 10 मिमी सोडा. प्रत्येक ब्लँकला पाऊण मिमीचे दोन टॅब (न कापता सोडलेले जोड) ठेवा. नाहीतर सुटलेला तुकडा मशीनच्या आधारपट्ट्यांवर तिरपा होऊन नोझलला धडकतो. टॅब पाठीच्या सरळ भागावर किंवा मुठीच्या टोकाला द्या, बोटाच्या खाचेत नको. तिथे टॅब घासून काढायला ग्राइंडरचा बेल्ट पोहोचत नाही.

कळंबोलीच्या स्टील बाजारातून उचललेला प्लेटचा तुकडा आधी सपाट फरशीवर ठेवून बघा. नोझल प्लेटपासून जेमतेम 2-3 मिमीवर असतो, बाक असेल तर घासणारच.

जी10 (मुठीसाठी वापरतात तो ग्लासफायबर-इपॉक्सीच्या थरांचा पत्रा) असेल तर ऑपरेटरला आधी सांगा. पूर्ण दाबाच्या पिअर्सने थर सुटतात. सुरुवातीची भोकं ड्रिल करून द्या.

कट झाला की साध्या पाण्याने धुवा, विशेषतः भोकं. आत राहिलेला गार्नेट ड्रिलची धार खातो. मग हवा मारून सुकवा आणि तेल लावा. पावसाळ्यात खाडीच्या दमट हवेत दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, कापलेली कड संध्याकाळपर्यंत लाल होते. ओले ब्लँक प्लास्टिकमध्ये गुंडाळून तर मुळीच आणू नका.