‘पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे’

माझ्या झाडाची पानं चिकट, पॉलिसॅकराइड (साखरेच्या लांब साखळ्या) आणि फिनॉल (हवेत तपकिरी पडणारी संयुगं) यांनी भरलेली. त्यांतून आरएनए काढायचा होता. नेहमीच्या फिनॉल-ग्वानिडीन पद्धतीने काढला की ट्यूबच्या तळाशी तपकिरी जेलीसारखा गोळा बसायचा आणि पाण्यात विरघळायचाच नाही. २६०/२३० गुणोत्तर (आरएनए किती शुद्ध, हे सांगणारा प्रकाशशोषणाचा आकडा) २ च्या आसपास हवं, माझं ०.५ च्या वर जाईना.

मग त्याच कुळातल्या झाडावरचा एक पेपर मिळाला. मेथड्समध्ये, म्हणजे पद्धतीच्या भागात, एकच ओळ: आरएनए पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे काढला. संदर्भ उघडला. तिथेही तेच, वर ‘थोडे बदल करून’. कुठले बदल, याचा पत्ता नाही. जो माणूस ते वाचून प्रयोग करणार, त्याच्यावर हा अन्यायच आहे.

चौथ्या पेपरवर मुळाशी पोचले: चँग, पुरियर आणि केर्नी यांचा १९९३ चा, पाइनच्या झाडांतून आरएनए काढण्याचा छोटासा पेपर. २ टक्के सीटॅब (पेशी फोडणारा डिटर्जंट), २ टक्के पीव्हीपी, २ मोलर मीठ, ६५ अंशांना तापवलेला बफर. क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोलने दोनदा साफ करायचं आणि लिथियम क्लोराइड घालून ४ अंशांना रात्रभर ठेवायचं. पीव्हीपी फिनॉलला धरून ठेवतं, लिथियम क्लोराइडने आरएनए खाली बसतो आणि डीएनए बराचसा वरच राहतो. कारणं कळल्यावर कुठली पायरी सोडता येणार नाही तेही कळलं.

तरी पहिल्यांदा फसलंच. लॅबच्या जुन्या वहीत याच पद्धतीची उतरवलेली प्रत होती, त्यात सेंट्रिफ्यूजसाठी ‘१०,००० आरपीएम’ (मिनिटाला फेरे) एवढंच. ८ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरमध्ये (ट्यूब फिरवणाऱ्या चाकात) तो वेग म्हणजे सुमारे ८,९०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या इतक्या पट जोर), १० सेंटिमीटरला ११,२०० जी. आमचा रोटर लहान निघाला. क्लोरोफॉर्म आणि पाण्याच्या मधला पांढरा थर नीट बसला नव्हता आणि पिपेटबरोबर तोही वर आला.

तो थर कसा दिसायला हवा, हे मला जोव्ह या प्रयोगांचे व्हिडिओ देणाऱ्या नियतकालिकातल्या व्हिडिओंमुळे उमगलं. लिहून सांगता येत नाही अशी ती गोष्ट आहे. आता नवीन काही करायचं तर मी आधी प्रोटोकॉल्स डॉट आयओ आणि बायो-प्रोटोकॉल ही प्रयोगांच्या पद्धती सविस्तर देणारी संकेतस्थळं चाळते. पहिल्यावर एकाच पद्धतीच्या आधीच्या आवृत्त्याही दिसतात, त्यामुळे कुणी काय बदललं ते कळतं. ‘मेथड्स इन मॉलिक्युलर बायॉलॉजी’ मालिकेतलं प्रकरण हाती आलं, तर शेवटच्या ‘नोट्स’ सगळ्यात आधी वाचते. कुठे बिघडतं ते तिथेच लिहिलेलं असतं.

तिसऱ्या खेपेला सकाळी ट्यूब काढली, तर तळाशी पांढुरका, जेमतेम दिसेल एवढा ठिपका. पाण्यात लगेच विरघळला. २६०/२३० आलं २.१.

प्रबंधात ही पद्धत मी दीड पान भरून लिहिली आहे. रोटरची त्रिज्या, पानाचं वजन, मर्कॅप्टोइथेनॉल (फिनॉल तपकिरी पडू न देणारं रसायन) बफरमध्ये आयत्या वेळी घातलं तेसुद्धा.