केळदची कच्ची वाट आणि अर्धवट चेंबर गार्ड

चेलाडी, मार्गासनी, वेल्हे, भट्टी या मार्गाने पुण्याहून केळदपर्यंत जाताना पिकअपच्या पोटाखाली कसला संरक्षक पत्रा (गार्ड) बसवला आहे, याची परीक्षा होत नाही. म्हणून त्या टप्प्याविषयी काही लिहीत नाही. खरी परीक्षा केळद सोडून मढे घाटाच्या माथ्याकडे निघाल्यावर होते. पावसाने माती वाहून नेल्यामुळे तिथे बेसाल्टच्या पायऱ्या उघड्या पडल्या आहेत आणि त्यांच्या कडा अजून बोथट झालेल्या नाहीत.

निघण्यापूर्वी शहरातील एका गॅरेजने ‘फुल अंडरबॉडी गार्ड’ म्हणून माझ्याकडून २२ हजार रुपये घेतले. पत्रा ३ मिलिमीटरचा असल्याचे तोंडी सांगितले. बिलावर जाडीचा उल्लेख नाही. प्रत्यक्षात तो गार्ड रेडिएटरखालून सुरू होतो, इंजिनाचा चेंबर (तळाचे ऑइलचे भांडे) झाकतो आणि गिअरबॉक्सच्या मध्यावर संपतो. ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समागचा, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग) आणि डिझेलची टाकी उघडीच. याला ‘फुल’ म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे.

गुडघाभर उंचीच्या एका पायरीवर पुढे जाताना पत्रा दगडावरून घसरला, आवाज झाला, पण काही बिघडले नाही. चाके जागीच फिरू लागल्यावर दुसऱ्या बाजूने चढवण्यासाठी गाडी मागे घेतली, तेव्हा गार्डची मागची सरळ कापलेली कड दगडात अडकली आणि पत्रा जिभेसारखा खाली वाकला. खाली लोंबणारा पत्रा काढावा, तर बाहेर आलेली बोल्टची डोकी दगडावर घासून इतकी गुळगुळीत झाली होती की पाना धरेना. शेवटी तो तारेने चासीला (गाडीच्या सांगाड्याला) बांधून, पहिल्या गिअरमध्ये चिडचिड करतच केळद गाठले. पुण्यात जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तेव्हा पत्रा २ मिलिमीटर भरला.

तेव्हा पैसे देण्यापूर्वी पत्रा वजनकाट्यावर ठेवायला लावा. पोलादाचा ३ मिलिमीटर पत्रा प्रति चौरस मीटर सुमारे २३.५ किलो भरतो आणि २ मिलिमीटरचा १५.७ किलो, त्यामुळे लांबी-रुंदी मोजली की खोटेपणा तिथेच उघडा पडतो. ६ मिलिमीटर ॲल्युमिनियम १६ किलोच्या आसपास भरते. पण कातळावर पोलाद घसरते आणि ॲल्युमिनियम ओरबाडले जाऊन अडते, म्हणून या वाटेसाठी माझे मत पोलादालाच आहे.

गार्ड चेंबरपासून ट्रान्सफर केसच्या मागेपर्यंत सलग हवा. तो दोन तुकड्यांत असेल तर पुढच्या तुकड्याची मागची कड दुसऱ्याच्या खालून जावी आणि ती वरच्या बाजूस वळवलेली असावी. नाहीतर रिव्हर्समध्ये माझ्यासारखीच गत होईल. आधार चासीच्या क्रॉस मेंबरवरच (आडव्या पट्टीवरच) घ्यावा, कारण गिअरबॉक्सला बांधलेला गार्ड सगळा धक्का गिअरबॉक्सच्याच अंगावर टाकतो. बोल्ट ८.८ ग्रेडचे असावेत (मजबुतीचा हा आकडा डोक्यावर कोरलेला असतो) आणि डोकी पत्र्याच्या खोबणीत बसलेली असावीत. ऑइल बदलण्यासाठी भोक ठेवले नसेल, तर प्रत्येक सर्व्हिसिंगला अख्खा गार्ड उतरवण्याची मजुरी द्यावी लागते. गॅरेजवाले हे आपणहून सांगत नाहीत.

दिवाळीनंतर जाणाऱ्यांनी माथ्यावर पोहोचताच गाडीखाली वाकून पाहावे. पत्रा आणि सायलेन्सरच्या पाइपामध्ये अडकलेले वाळके गवत तापून पेटू शकते, त्यामुळे ते उपसून काढल्याशिवाय परत निघू नये.