घरची लॅब, आठवडा ६: एक केबल झटपट, दुसरी ३० सेकंद

जुळे सोलापुरात गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात दिवसा बसवत नाही. नेटवर्क स्विचचे (संगणक केबलने एकमेकांना जोडणाऱ्या डब्यांचे) पंखेच इतके ओरडतात की खालून आई विचारते, गिरणी चालू केलीस का. त्यामुळे लॅब रात्री नऊनंतर, भाकरी-शेंगाचटणी झाल्यावर.

या आठवड्यात रूटिंगला (नेटवर्कांमधले रस्ते ठरवणं) हातच लावला नाही. तीन जुने स्विच त्रिकोणात जोडले, नावं अ, ब, क. त्रिकोणात डेटा गोल गोल फिरत राहू नये म्हणून स्पॅनिंग ट्री हा प्रोटोकॉल एक वाट बंद ठेवतो आणि दुसरी तुटली की ती उघडतो; उघडायला किती वेळ लागतो तेच बघायचं होतं. पहिल्या रात्री रूट ब्रिज (ज्याला केंद्र धरून बाकीचे वाट ठरवतात तो स्विच) झाला ब, म्हणजे तिघांतला सगळ्यात म्हातारा. प्रायॉरिटी (लहान आकडा जिंकतो) सगळीकडे ३२७६८ असली की ज्याचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा कारखान्यातून आलेला क्रमांक) लहान तो रूट, आणि जुन्या मालाचा मॅक बहुतेक वेळा लहानच असतो. अ ला ४०९६ दिली, तो रूट झाला, विषय संपला. ब-क केबलचं क कडचं टोक राखीव म्हणून बंद राहिलं. साइटवर हे न बघता निघून येणारे आपण सगळेच आहोत, म्हणून लिहिलं.

मग मोजमाप. लिनक्सवरून सेकंदाला ५ पिंग (पलीकडून उत्तर येतं का बघणारे छोटे निरोप) सोडायचे, केबल उपटायची, हरवलेले मोजायचे. जुन्या स्पॅनिंग ट्रीवर अ-क तोडली तर १५१ गेले, म्हणजे ३० सेकंद: लिसनिंग १५, लर्निंग १५, पोर्ट उघडण्याआधीचे दोन थांबे. अ-ब तोडली तर ब कडचे २४४ गेले. इथे क ला आधी जुनी माहिती शिळी व्हायची वाट बघावी लागते, तो मॅक्स एजचा २० सेकंदांचा टायमर वर चढतो.

आता तिन्हीवर रॅपिड (स्पॅनिंग ट्रीची वेगवान आवृत्ती) चालू केलं. अ-क तोडली: २ पिंग गेले. उडीच मारली मी! अ-ब तोडली: १५२. परत तोडली, परत १५२ च्या आसपास. दोन रात्री यातच गेल्या.

उत्तर शो स्पॅनिंग-ट्री या कमांडच्या शेवटच्या रकान्यात होतं, जो मी इतकी वर्षं वाचतच नव्हतो. क चा ब कडे जाणारा पोर्ट पी-टू-पी (थेट दोघांतली लिंक) दिसायला हवा होता, तिथे एसएचआर, म्हणजे शेअर्ड. ब सेकंडहँड घेतला तेव्हा त्याच्या त्या पोर्टवर १०० फुल डुप्लेक्स (१०० एमबीपीएस, दोन्ही बाजू एकाच वेळी बोलणार) ठोकून ठेवलेलं होतं. क ऑटोवर, म्हणजे समोरच्याशी बोलून (निगोशिएशन) हे ठरवणारा. समोरून निगोशिएशनच येत नाही म्हटल्यावर क हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकच बाजू) उतरला, आणि रॅपिड हाफ डुप्लेक्सला शेअर्ड समजतं. शेअर्ड लिंकवर प्रपोजल-ॲग्रीमेंटची (‘उघडू का?’ ‘उघड’) देवाणघेवाण होत नाही, पोर्ट मुकाट टायमरवर जातो. अ-क तुटल्यावर मात्र क चा हाच राखीव पोर्ट थेट रूट पोर्ट (रूटकडे जाणारा पोर्ट) होतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून एक केबल झटपट, दुसरी ३० सेकंद.

ब चा पोर्टही ऑटोवर टाकला. हरवलेले पिंग ३.

मागच्या वर्षी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अगदी अशीच अर्ध्या मिनिटाची तक्रार होती. आम्ही स्विच बदलून आलो होतो, आणि ती तक्रार महिन्याभरात परत आली. सोमवारी तिकडे फेरी आहे. आधी तो रकाना बघणार, मग बाकी सगळं.

पुढच्या आठवड्यात ओएसपीएफ, म्हणजे राउटर एकमेकांना रस्ते कळवतात तो प्रोटोकॉल. एका बाजूचा एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) मुद्दाम १४०० करून शेजारचा राउटर एक्सस्टार्टमध्ये (ओळख पूर्ण होण्याआधीचा टप्पा) अडकतो का ते बघायचंय. कुणाकडे जादा कन्सोल केबल असेल तर सांगा, माझी एक ढिली झालीय.