अंडरसाइझ तिन्ही जॉब टेबल २ चे

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या शॉपला दोन टर्नर (लेथ चालवणारे) हवे होते. ट्रेड टेस्टला ११ जण आले. ड्रॉइंग सगळ्यांना एकच: ईएन-८ स्टीलचा २५ मिमी व्यासाचा बार, ४० मिमी लांबीपर्यंत २० एच७ ला उतरवायचा, टोकाला १ × ४५° चॅम्फर (कडेचा तिरका उतार). वेळ ५० मिनिटं. २० एच७ (स्मॉल एच, शाफ्टचा) म्हणजे व्यास २०.००० ते १९.९७९ मिमी. अंदाजाने शेवटचा कट घेणारा इथेच सापडतो.

मार्कशीट आदल्या दिवशीच छापलेली. साइझ ४०, लांबी-चॅम्फर २०, फिनिश १५, स्वतः मोजून लिहिलेला रिपोर्ट १५, सुरक्षितता १०. शेवटचे मार्क मशीनजवळचा चार्जमन देणार. चकमध्ये (लेथच्या बार पकडणाऱ्या भागात) चावी राहिली की दहाही गेले. जॉबवर, म्हणजे तयार तुकड्यावर, फक्त नंबर पंच केलेला. नाव, गाव, आयटीआय कुठली, सगळं पाकिटात बंद. तपासणारे दोघं, मी आणि टूल रूमचे सुपरवायझर. आपापली शीट भरून होईपर्यंत बोलायचं नाही, कारण बोललं की ज्याचा आवाज मोठा त्याचेच मार्क दोन्ही शीटवर उतरतात.

दुपारी मोजायला बसलो. ३, ७ आणि १० अंडरसाइझ, म्हणजे १९.९७९ पेक्षा बारीक. "तिघं बाद," सुपरवायझर म्हणाले. पण तिघंही टेबल २ चे होते, हे काही बरं दिसेना. तिथला मायक्रोमीटर (व्यास मोजायचं साधन) मागवला, तोंडं पुसली, रॅचेटने बंद केला. झिरोच्या जागी ०.०२. २० ची स्लिप गेज (अचूक मापाचा ठोकळा) धरली, तर २०.०२. म्हणजे त्यावर १९.९९ दिसेपर्यंत उतरवलेला जॉब प्रत्यक्षात १९.९७.

त्या टेबलावर चौथाही एक होता. त्याने "झिरो बसत नाही" म्हटल्यावर चार्जमनने गुपचूप दुसरा मायक्रोमीटर दिला होता. सुपरवायझर इरेला पेटले: "झिरो बघणं हे टर्नरचं पहिलं काम. नाही बघितलं, गेले." मुद्दा खोटा नव्हता. पण उरलेल्या सात जणांनी तरी झिरो बघितला होता का? त्यांचा मायक्रोमीटर बरोबर होता, एवढंच आम्हाला ठाऊक.

पुन्हा टेस्ट घ्यावी तर या तिघांना दोन संधी, बाकीच्यांना एकच. म्हणून त्यांचे रिपोर्ट आमच्या मापांशेजारी ठेवले. नंबर ३: त्याचं १९.९९, आमचं १९.९७. नंबर १०: १९.९८ आणि १९.९६. फरक नेमका ०.०२, म्हणजे हात बरोबर चालला होता. दोघांचे साइझ आणि रिपोर्टचे मार्क दुरुस्त केले. नंबर ७ चं १९.९९, आमचं १९.९४. मायक्रोमीटरचे ०.०२ वजा केले तरी ०.०३ त्याचे स्वतःचे. तो बादच राहिला.

मुलाखत दुसऱ्या दिवशी, सगळ्यांना तेच सहा प्रश्न, त्याच क्रमाने. जुन्या यादीतला "लग्न झालंय का?" खोडला. लेथचा त्याच्याशी काय संबंध?

आता सुपरवायझरांचा हट्ट आहे की पुढच्या वेळी प्रत्येक टेबलावर मुद्दाम सारखाच झिरो एरर ठेवायचा. ठेवू. पण आधी मार्कशीटवर त्याचे ५ मार्क छापून.