दाढदुखी

मंगळवार, रात्री ११.४०

आईला सांगितलं, दाढ दाखवायला दादरला जातोय. गेलो होतो समुपदेशनाला.

ती मला सोडून गेली, त्याला चार महिने झाले. झोपेचं खोबरं झालंय. मागच्या आठवड्यात रात्री दोन वाजता गॅलरीत उभं राहून १४४१६ लावला. टेली-मानस, मानसिक आरोग्याची २०२२ पासूनची सरकारी हेल्पलाइन, फुकट. मराठीत बोलता आलं, हेच केवढं बरं वाटलं. पलीकडच्या बाईंनीच सुचवलं, कुणाला तरी समोर बसून भेटा.

मॅडमना आधी गोळ्यांचं विचारलं. त्या मानसोपचारतज्ज्ञ देतात, म्हणाल्या; मी मानसशास्त्रज्ञ, आपण बोलायचं. झोप अशीच राहिली तर केईएमच्या ओपीडीत दाखवून घ्या.

मी तयारीनिशी गेलो होतो. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट, तारखेवार. चूक कुणाची ते एकदा कुणीतरी सांगून टाकावं, एवढंच हवं होतं. मोबाइल पुढे केला. त्यांनी घेतलाच नाही. विचारलं, "लहानपणी घरात भांडण झालं की काय व्हायचं?"

काय होणार? अबोला. लालबागची दहा बाय बाराची खोली, आई ओट्याशी, बाबा खाटेवर, मधे तीन हातांचं अंतर आणि पोस्टमन मी. "आईला सांग, चहा टाक." "बाबांना सांग, दूध संपलंय." एका गणपतीत अकरा दिवस चाललं; विसर्जनाला पाट उचलायला दोघं लागतात म्हणून मोडलं. हा किस्सा मी मित्रांत नेहमी सांगतो, हमखास हशा येतो.

मॅडम हसल्या नाहीत. "आणि तुमचा दोघांचा सगळ्यात लांबलेला?"

मनात मोजलं. नऊ दिवस. तिचे मेसेज वाचत होतो, निळ्या खुणा तिला दिसत होत्या. 'काय झालंय ते तरी सांग' असं तिने किती वेळा लिहिलंय ते त्या स्क्रीनशॉटमध्येच आहे. मीच जपून ठेवलेला पुरावा.

पन्नास मिनिटं संपली. पुढच्या मंगळवारची वेळ घेतली. दादर ते भांडुप दारात उभा राहून आलो, घाटकोपरला आत जागा झाली तरी बसलो नाही.

घरी आलो तर ताटाशेजारी वाटीत लवंगा. "काय म्हणाले दाढेचं?"

"सहा-आठ वेळा जावं लागेल."

"रूट कॅनल?"

मी हो म्हटलं. बाबांनी पेपरातून वर बघितलं. म्हणाले, "मुळापर्यंत गेलंय म्हणजे."